लागवडीची जमीन आपल्याकडे जास्त, मग धान्य चीनकडे दुप्पट कसं?

गोदाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. पुतणीला भूगोलाच्या प्रकल्पात मदत करायला बसलो आणि आकडे बघून मीच अडकलो. चीनचं क्षेत्रफळ सुमारे ९६ कोटी हेक्टर, आपलं ३२.८७ कोटी. म्हणजे तो देश आपल्या जवळजवळ तिप्पट. पण लागवडीची जमीन? आपली साडेपंधरा कोटी हेक्टरच्या आसपास, आणि त्यांची २०१९ अखेरच्या मोजणीनुसार १२.७९ कोटी. जगात या बाबतीत आपल्या बरोबरीला फक्त अमेरिका आहे.

आता धान्य बघा. चीनने २०२४ मध्ये ७० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. आपलं २०२३-२४ चं अन्नधान्य ३३ कोटी टनांच्या थोडं वर.

यामागे घरचा विषयही आहे. परभणी जिल्ह्यात आमची नऊ एकर वडिलोपार्जित जमीन आहे. चुलतभाऊ म्हणतो, रस्त्याकडेची चार एकर एनए करून प्लॉट पाडू. "देशात जमिनीला काय तोटा आहे का, जगात पहिला-दुसरा नंबर आहे आपला," असं त्याने मलाच ऐकवलं. मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी जरूर लिहा.

वाचनवेडी
छान विषय. वाचतेय.

कोरडवाहू
याचं उत्तर एका शब्दात देतो, पाणी. कागदावर हेक्टर मोजून काय होतं? गेवराईकडे या, मे महिन्यात आमच्या रानात पाय घोट्यापर्यंत आत जाईल एवढ्या भेगा दाखवतो. ती जमीनही तुमच्या साडेपंधरा कोटींतच मोजली आहे. मृगाचा पाऊस पडला, वाफसा आला, तर पेरणी. मधे वीस-बावीस दिवसांचा खंड पडला की दुबार. तिकडे नद्यांना बारमाही पाणी आणि सरकारचे कालवे. तुलनाच होऊ शकत नाही.

मृदा
आधी चीन आतून कसा आहे ते बघू, म्हणजे पहिलं कोडं सुटेल. पश्चिमेला तिबेटचं पठार, शिनजियांगची वाळवंटं, उत्तरेला गोबी. १९३५ साली हू हुआनयोंग नावाच्या भूगोलतज्ज्ञाने ईशान्येतल्या हेइहपासून नैऋत्येतल्या तेंगचोंगपर्यंत नकाशावर एक तिरकी रेघ ओढली. तिच्या पूर्वेला निम्म्याहून कमी भूभाग, पण माणसं शंभरातली नव्वदहून जास्त. आजही तेच चित्र आहे. तिप्पट मोठा देश खरा, पण नांगर चालतो तो त्याच्या सुमारे १३ टक्के भागात. आपल्याकडे जवळजवळ ४७ टक्के भागात. गंगेचं मैदान, दख्खनची काळी, किनाऱ्यावरचे त्रिभुज प्रदेश, आणि यांपैकी कुठेच सहा महिने बर्फ नाही. एवढ्या मोठ्या देशाचा निम्मा भाग नांगरता येणं ही जगात दुर्मीळ गोष्ट आहे.

सातबारा
मी तलाठी म्हणून एकतीस वर्षं काढली, म्हणून शब्दाबद्दल बोलतो. 'लागवडीची जमीन' म्हणजे नेमकं काय, हे ठरवल्याशिवाय तुलना करू नये. जागतिक आकड्यांत हंगामी पिकांखालची जमीन आणि पाच वर्षांपेक्षा कमी काळ पड राहिलेली जमीन धरतात. फळबागा आणि चहाचे मळे वेगळ्या रकान्यात जातात. आपल्या सरकारी तक्त्यात जमिनीचे नऊ प्रकार. जंगल, बिगरशेती, नापीक, गायरान, झाडोरा, लागवडीलायक पण पडीक, जुनी पड, चालू पड आणि शेवटी निव्वळ पेरणी क्षेत्र. देशाचं निव्वळ पेरणी क्षेत्र १४ कोटी हेक्टरच्या आसपासच आहे. म्हणजे साडेपंधरा म्हणताना त्यात पडही आली.

आणि हे आकडे गावात तयार होतात. पूर्वी आम्ही पीकपाहणीला रानोमाळ फिरायचो. सगळ्या गटांत दरवर्षी पाय लागायचाच असं नाही, हेही खरं सांगतो. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने स्वतः फोटो काढून नोंद करायची. त्याने नोंद सुधारते आहे.

द्राक्षवेल
@सातबारा काका, म्हणजे आमच्या निफाडची द्राक्षबाग 'लागवडीच्या जमिनीत' नाहीच! वडिलांना सांगितलं तर म्हणाले, मग पहाटे तीनला उठून फवारणी मी कुठे करतो?

सातबारा
@द्राक्षवेल, वडिलांना सांगा, सातबाऱ्यावर ते पक्के बागायतदार आहेत, काळजी नसावी. :)

हिशेबनीस
धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण तिथे मोजमापाचा मोठा घोळ आहे.

चीन धान्याची बेरीज करताना साळ, म्हणजे टरफलासकटचा भात, मोजतो. आपण मोजतो तो तांदूळ, भरडून निघालेला. साळीचा तांदूळ साधारण दोन तृतीयांश भरतो. आपला २०२३-२४ चा तांदूळ सुमारे १३.८ कोटी टन, त्याची साळ केली तर साडेवीस कोटी टनांच्या पुढे जाते. चीनची २०२३ ची साळ? तीही साडेवीस कोटींच्या आसपास. भातात दोघे जवळपास बरोबरीत आहेत.

गहू त्यांचा साडेतेरा कोटी, आपला सव्वाअकरा कोटींच्या आसपास. इथेही दुप्पट नाही.

खरा फरक मक्यात आहे. त्यांचा मका जवळजवळ २९ कोटी टन, आपला चार कोटींच्या आत. हा मका माणसं खात नाहीत, मुख्यतः डुकरं आणि कोंबड्या खातात. शिवाय त्यांच्या 'धान्या'त सोयाबीन आणि बटाटा-रताळीही (पाच किलोला एक किलो धरून) मोजतात. मका दोन्हीकडून काढला आणि आपला तांदूळ साळीत बदलला, तर ते चाळीस कोटींच्या आसपास आणि आपण छत्तीस कोटींच्या आसपास.

पण खूश होण्याआधी पुढचं वाचा. तेवढीच साळ ते २.९ कोटी हेक्टरांत काढतात, आपल्याला पावणेपाच कोटी हेक्टर लागतात. त्यांची साळ हेक्टरी सात टन, आपली चाराच्या थोडी वर. गहू त्यांचा पावणेसहा टन, आपला साडेतीन. म्हणजे 'दुप्पट धान्य' हा अर्धा गैरसमज असला, तरी 'हेक्टरी दीडपट-पावणेदोनपट' हे खरं आहे.

गोदाकाठ
@हिशेबनीस, साळ आणि तांदळाचा हा फरक कुठल्याच लेखात वाचला नव्हता. मनापासून आभार. पुतणीने तक्ता खोडून पुन्हा केला.

कोरडवाहू
हेक्टरी फरक पाण्यामुळेच. माझं म्हणणं कायम आहे.

हिशेबनीस
@कोरडवाहू दादा, महाराष्ट्रापुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर. आपल्या राज्यात ओलिताखालचा वाटा साधारण पाचव्या हिश्श्याचा, त्यामुळे मराठी माणसाला देशच कोरडवाहू वाटतो. पण सबंध भारत घेतला तर पेरणी क्षेत्राचा निम्म्याहून थोडा जास्त भाग ओलिताखाली आहे, आणि चीनमध्येही प्रमाण जवळपास तेवढंच. त्यामुळे नुसत्या पाण्याने उत्तर पूर्ण होत नाही.

पूर्ववारा
मी सहा वर्षं चीनच्या शानतोंग प्रांतात एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला होतो. डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो.

तिथला गहू ऑक्टोबरात पेरतात आणि काढतात जूनमध्ये. थंडीत बर्फाखाली झोपलेला असतो, वसंतात उठतो. आठ महिने रानात उभा. आपला गहू एकशेदहा-वीस दिवसांत उन्हाच्या धाकाने पिकून मोकळा. फेब्रुवारीत ऊन चढलं की आपला दाणा बारीक राहतो, हे कुणाही शेतकऱ्याला सांगायला नको. ही देणगी हवामानाची आहे, त्यात कुणाची हुशारी नाही.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र हुशारी दिसते. कापणी यंत्रांचे तांडे दक्षिणेकडून उत्तरेकडे गहू पिकेल तसे सरकत येतात. एका बाजूला गहू कापला जातोय, आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याच धसकटांत मका पेरला जातोय. रान मोकळं असं राहतच नाही. गावातल्या रस्त्याच्या अर्ध्या भागावर गहू वाळत घातलेला, म्हाताऱ्या बायका लाकडी फावड्याने उलथतायत, गाड्या मुकाट उरलेल्या अर्ध्या भागातून जातात. एकही ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही.

आमच्या कंपनीच्या वसाहतीत इमारतीखाली शोभेची झुडपं लावली होती. तळमजल्यावरच्या आजींनी दोन महिन्यांत ती काढून तिथे लसणाची पात आणि कोबी लावला. व्यवस्थापनाने तीनदा हटकलं, तीनदा पुन्हा कोबी. मी विचारलं तर म्हणाल्या, माती रिकामी कशी ठेवायची? माझी आजी अंगणातल्या मोरीच्या पाण्यावर अळू लावायची, ती आठवली.

आणि बांध! तिथे बांध जेमतेम वीतभर. आपल्याकडे दोन भावांमधला बांध बैलगाडी जाईल एवढा, आणि भांडण त्याहून रुंद.

वाचनवेडी
@पूर्ववारा, "भांडण त्याहून रुंद", अगदी खरं. आमच्या घरात दोन पिढ्या चाललंय.

मृदा
शानतोंगच्या त्या गहू-मका पट्ट्याची दुसरी बाजूही लिहायला हवी. ते दुहेरी पीक भूजलावर उभं आहे आणि उत्तर चीनच्या मैदानातली पाण्याची पातळी कित्येक दशकं खाली चालली होती. म्हणून तर यांगत्सेच्या खोऱ्यातलं पाणी उत्तरेला नेणारा कालवा बांधला, त्याचा मधला मार्ग डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाला. आपल्या पंजाबची कहाणी याहून वेगळी नाही.

खताचंही तसंच. हेक्टरी रासायनिक खत ते आपल्या दुपटीहून जास्त वापरत आले. शेवटी २०१५ मध्ये त्यांनाच ठरवावं लागलं की २०२० पर्यंत खताची वाढ शून्यावर आणायची. आणि २०१४ मध्ये त्यांच्याच सरकारने जाहीर केलं की तपासलेल्या शेतजमिनीच्या नमुन्यांपैकी १९.४ टक्के नमुने प्रदूषणाची मर्यादा ओलांडणारे निघाले. कॅडमियम, निकेल, आर्सेनिक. मातीत गेलेलं कॅडमियम भातात येतं आणि भातातून माणसात. हेक्टरी सात टनांचं कौतुक करताना ही किंमत विसरून चालणार नाही.

कोरडवाहू
हे वाचून बरं वाटलं असं म्हणणार नाही, पण माझ्या तीन पोती सोयाबीनला आता नावं ठेवणार नाही.

हिशेबनीस
बियाण्याबद्दल राहिलंच. चिनी शास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांनी १९७३ मध्ये भाताचं संकरित वाण यशस्वी केलं, आणि आज तिथल्या भाताच्या जवळजवळ निम्म्या क्षेत्रावर संकरित भात आहे. २०२१ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा लोकांनी रस्त्यावर रांगा लावून निरोप दिला. शेतीच्या शास्त्रज्ञाला असा निरोप मिळतो हे पाहून मला भरून आलं होतं.

आणि @कोरडवाहू दादा, सोयाबीन म्हणालात म्हणून सांगते. चीन दरवर्षी सुमारे दहा कोटी टन सोयाबीन विकत घेतो, मुख्यतः ब्राझील आणि अमेरिकेकडून. हेक्टरी तीन-सव्वातीन टन धरलं तरी तीन कोटी हेक्टरांहून जास्त जमीन झाली. महाराष्ट्राचं सगळं पेरणी क्षेत्र १.७ कोटी हेक्टर. म्हणजे पावणेदोन-दोन महाराष्ट्र चीन परदेशात 'कसतो'. आपणही सुटलेलो नाही, दीड कोटी टनांच्या आसपास खाद्यतेल बाहेरूनच आणतो. तेही कुणाच्या तरी जमिनीवर पिकलेलं असतं.

सोलापुरी चादर
थोडं अवांतर, पण राहवत नाही. चीनमध्ये शिजियाझुआंगला कामानिमित्त गेलो होतो. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते त्या मुलखात रुग्णसेवा करता करता गेले. समाधीपाशी ताजी फुलं होती. मी सोलापूरचा आहे म्हटल्यावर तिथल्या माणसाने दोन्ही हातांनी माझा हात धरला. बाहेर पडलो तर शहर संपता संपता गव्हाची हिरवी रानं सुरू झाली, नजर पोचेल तिथवर. पूर्ववारा म्हणतात तेच मैदान.

पूर्ववारा
@सोलापुरी चादर, हे अवांतर नाहीच. माझ्या कारखान्यातल्या फिटरलाही 'के दी-हुआ' हे कोटणीसांचं चिनी नाव पाठ होतं.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितो. आमच्याकडे प्रश्न उत्पादनाचा कमी, जमीन पडीक राहण्याचा जास्त. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून समुद्राकडून मिळवलेली शेतं. भरती-ओहोटीला पाणी आत-बाहेर सोडायला मानस असते, लाकडी दारांची. त्यात कोरगुट नावाचा खारं पाणी सोसणारा भात. बांध एका ठिकाणी फुटला आणि वेळेत बांधला नाही की सगळ्या वाड्याची शेतं खारी होतात. मालक मुंबईत, कूळ म्हातारं, मुलं जहाजावर. कागदावर ती जमीन शेतीचीच, पण तिथे आता कांदळवन आणि बगळे. चीनमध्ये अशी जमीन सोडता येते का?

पूर्ववारा
@मांडवीकाठ, सोडता येते, सोडतातही. गावोगावी तरुण शहरात आणि रानात साठीची माणसं, हे तिथेही आहे. फरक मालकीचा. जमीन गावाच्या सामूहिक मालकीची, शेतकऱ्याकडे तीस वर्षांचा करार. १९७८ च्या डिसेंबरात आनहुई प्रांतातल्या शियाओगांग गावात अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप कागदावर सही-अंगठे करून सामूहिक शेत घराघरांत वाटून घेतलं. पकडले गेले असते तर शिक्षा होती. तिथून पुढे सबंध देशात घरटी करार आले. शेतकरी ती जमीन विकू शकत नाही, पण कसायला दुसऱ्याला देऊ शकतो, आणि तसं खूप होतं. त्यांचं माप 'मू'. एक मू म्हणजे आपले साडेसहा गुंठे. माझ्या फिटरच्या घराकडे होते एकूण पाच मू, म्हणजे एकराहूनही कमी.

तावातावाने
म्हणजे विकायचं स्वातंत्र्यच नाही! असली व्यवस्था आपल्याला नको. माझी जमीन, मी पिकवीन नाहीतर विकीन. शेती परवडत नसताना शेतकऱ्याने प्लॉट पाडले तर त्याला दोष देऊ नका. धागाकर्त्यांच्या भावाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी, म्हणून मी घेतो.

सातबारा
@तावातावाने, भावाची बाजू मीही घेतो. एकरी हिशेब कुणीही मांडावा, प्लॉटचा पैसा मोठाच दिसतो. पण तिथल्या कायद्यातली एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. चीनने १८० कोटी मू, म्हणजे १२ कोटी हेक्टर, ही 'लाल रेघ' ठरवली आहे. लागवडीची जमीन त्याखाली जाऊ द्यायची नाही. १९९८ पासून नियम असा की शेतजमीन बांधकामाला घेतली तर तेवढीच दुसरीकडे तयार करून द्यायची. ऐकायला छान. पण शहरालगतची काळी जाते आणि बदल्यात डोंगरउतारावरची मुरमाड येते. क्षेत्र जुळतं, पीक जुळत नाही. क्षेत्र जुळवण्याचे हे खेळ मी आपल्याकडेही जवळून पाहिले आहेत. त्यामुळे किती एकर यापेक्षा कुठली एकर हे आधी विचारा.

मृदा
सातबारा काकांच्या मुद्द्याला पूरक. २००९ ची त्यांची मोजणी २०३ कोटी मू होती, २०१९ ची १९१.८ कोटी. दहा वर्षांत ७५ लाख हेक्टर घटली, आणि त्यातली बरीचशी बांधकामाखाली नाही, तर झाडांखाली आणि फळबागांखाली गेली. ईशान्येला हेइलोंगजियांगकडे त्यांची काळी माती आहे, आपल्या रेगूरसारखी वाटली तरी जन्माने वेगळी. आपली बेसॉल्टच्या झिजेतून आलेली, त्यांची थंड गवताळ प्रदेशातल्या कुजलेल्या मुळांची. ती वाहून जायला लागली म्हणून २०२२ मध्ये त्यांनी फक्त काळ्या मातीच्या रक्षणासाठी वेगळा कायदा केला. आपल्या काळीसाठी असा कायदा असावा असं मला मनापासून वाटतं. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

हिशेबनीस
मूळ प्रश्नावर परत येते. "देशात जमिनीला काय तोटा?" या वाक्याला माझं उत्तर असं. १९६१ मध्येही आपली लागवडीची जमीन साडेपंधरा कोटी हेक्टरच्या आसपासच होती. तेव्हा माणशी ३४-३५ गुंठे यायची. आज माणशी १०-११ गुंठे. चीनमध्ये ९. म्हणजे दोन्ही देश जवळजवळ एकाच ताटावर बसलेत. आणि धारण क्षेत्र बघा, १९७०-७१ च्या कृषी गणनेत सरासरी खातं २.२८ हेक्टरांचं होतं, २०१५-१६ मध्ये १.०८. गोदाकाठ, तुमच्या नऊ एकरांवर किती जणांची नावं आहेत?

गोदाकाठ
@हिशेबनीस ताई, सात जणांची. आणि पुढच्या पिढीत अठरा होतील. मोजलंच नव्हतं कधी.

@सातबारा काका, "कुठली एकर" वाचून काल भावाला फोन लावला आणि आज दोघं मिळून रानात जाऊन आलो. रस्त्याकडेच्या चार एकरात आजोबांची विहीर आहे, चाळीस फूट. सध्या तिथे हरभरा उभा आहे, घाटे भरलेत. पहारीने खड्डा घेतला, कमरेइतकं खोल गेलो तरी काळीच लागत होती. माळाकडची दीड एकर मात्र वीतभर खाली मुरूम.

भावाला हा अख्खा धागा वाचून दाखवला. साळ-तांदळाच्या हिशेबाला तो म्हणाला, "हे मला ठाऊक होतं," पण ते खोटं होतं, चेहऱ्यावर कळलं. मग बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी एवढंच विचारलं, "माळावरच्या तुकड्यापर्यंत रस्ता नेता येईल का?" सातबाऱ्यावर त्या गटात पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) २३ आर दाखवलाय. काका, याचं काय करता येईल?

सातबारा
आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढा. माळाकडे जुनी गाडीवाट तुटक रेघेने दाखवलेली असेल, तर निम्मं काम झालं. पोटखराबा 'अ' आहे की 'ब' तेही बघा. 'ब' असेल तर तो ओढा, वाट अशा सार्वजनिक वापराचा असतो, त्याला हात लावू नका. नकाशा मिळाला की गट नंबर झाकून फोटो इथे टाका, मी बघतो. आणि हरभऱ्याची ई-पीक पाहणी केली का?

गोदाकाठ
नाही केली. उद्या सकाळी दव उतरलं की जातो, भावाच्या फोनवरून करतो.